पाच टक्के कोणत्या कायद्याचे?

प्रिय वकीलबाई,
अनेक आशीर्वाद.

अंबाजोगाईच्या कोर्टात बसायला लागलीस. आता येणारे बरेच पक्षकार हातात सातबारा धरूनच येतील आणि म्हणतील, "नवा कायदा आलाय म्हणं, पाच टक्के भरले की जमीन मोकळी." लगेच होय म्हणू नकोस. 2024 मध्ये दोन वेगळ्या कायद्यांत पाच टक्के आले आणि तालुक्याला त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिले पाच टक्के इनामाचे. हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याच्या 1954 च्या कायद्यात बदल होऊन मदतमाश जमिनीचा नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, बाजारमूल्याच्या 50 वरून 5 टक्क्यांवर आला. मात्र सातबाऱ्यावर नुसतं 'इनाम वर्ग 2' एवढंच असतं. ती मदतमाश की खिदमतमाश, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी मुंतखबाची, म्हणजे इनामाच्या जुन्या दाखल्याची, नक्कल आणि 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे गावच्या जमिनींची जुनी नोंद, काढ. मुंतखब उर्दूत असतो, जाणकाराकडून पूर्ण भाषांतर करून घे. तोंडी सारांशावर अर्ज लिहू नकोस. जमीन कुणाच्या उदरनिर्वाहासाठी दिली असेल तर मदतमाश. देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिली असेल तर खिदमतमाश, आणि तिथं हे पाच टक्के चालत नाहीत. धार्मिक संस्थांची इनामं 1954 च्या कायद्यानं मुळातच बाजूला ठेवली आहेत. जमीन वक्फची निघाली तर दिवाणी कोर्टाच्या अधिकारकक्षेचाच प्रश्न उभा राहतो. पक्षकाराचे पैसे खर्च होण्याआधी हे कळलं पाहिजे, म्हणून इतकं सांगतो आहे.

दुसरे पाच टक्के तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या 1947 च्या कायद्याच्या कलम 9 चे. तुकड्याचा बेकायदा व्यवहार नियमित करायला आधी 25 टक्क्यांपर्यंत भरावे लागत, ते ऑक्टोबर 2024 मध्ये 5 झाले. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशानं 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 मधले व्यवहार विनाशुल्क केले, पण अकृषिक वापराच्या क्षेत्रापुरतेच. शेती करायला घेतलेल्या सात गुंठ्यांना ही सवलत नाही. म्हणून दस्ताची तारीख आणि जमीन कोणत्या वापराच्या क्षेत्रात येते ते सांगणारा झोन दाखला, दोन्ही आधी पाहा. कागद नोटरीचा असेल तर मालकी गेलेलीच नाही. मुद्रांक भरून दस्त नोंदवल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. आणि अध्यादेशाची भाषा अधिनियमात जशीच्या तशी येतेच असं नाही, तेव्हा अर्जात कलम टाकताना राजपत्र समोर ठेव, बातमीचं कात्रण नको.

वाटणीच्या दाव्यात सगळ्यात जास्त चुका होतात. ऑगस्ट 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र, ज्याहून लहान हिस्सा तुकडा ठरतो ते, जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे. समज, तीन भाऊ आहेत आणि जमीन 40 आर (आर म्हणजे साधारण गुंठाच) जिरायत. प्रत्येकी तेरा आर येतात, म्हणजे तुकडे. हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा हाती पडतो, प्रकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली कलेक्टरकडं जातं आणि तिथं वर्षानुवर्षं अडकतं. तुकडेबंदी कायद्याचं कलम 8-अअ वाच: ज्याचा हिस्सा तुकडा होतो त्याला जमिनीऐवजी मोबदला देता येतो. ही पर्यायी मागणी वादपत्रातच घाल, नंतर दुरुस्तीचा अर्ज देत बसू नकोस. तीच जमीन बागायत असती तर तिघांनाही सरस निरस वाटून मिळाली असती. म्हणून गाव नमुना 12 मधलं जलसिंचनाचं साधन आणि ई-पीक पाहणीची नोंद पाहिल्याशिवाय 'जिरायत' लिहू नकोस. विहीर आहे पण नोंद नाही, असं आपल्याकडं नेहमीचंच. दाव्याआधी तलाठ्याकडून ती नोंद करून घ्यायला सांग.

राहिला मुद्रांक. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी पाचशे झाले. पण कोर्टात आणि सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 च्या अधिसूचनेनं माफी आहे. जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या पोराला पाचशेचा कागद आणायला लावू नकोस. कुणी अडवलं तर अधिसूचनेची प्रत दाखव. ती टेबलाच्या काचेखाली ठेव.

तुझा,
काका