वाचकांचे प्रश्न : नववी-दहावीच्या मुलांना मेंटॉर

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात २४ जणांनी मेंटॉर, म्हणजे मुलांचे सोबती-मार्गदर्शक, व्हायला नावं दिली. नववीत ६० मुलं आहेत. प्रत्येकाकडे दोन-तीन मुलं दिली की सगळी बसतात. जूनपासून सुरू करावं म्हणतो. काय बघावं? (माजी विद्यार्थी संघाचे सचिव, सातारा जिल्हा)

उत्तर : सगळी मुलं बसवायचा हट्ट आधी सोडा. मेळाव्यात हात वर करणाऱ्यांतले बरेच जण पुढे गळतात. कुणाची बदली होते, कुणाच्या घरी आजारपण येतं. चूक कुणाचीच नसते, पण मुलाला एवढंच कळतं की माणूस आला आणि गेला. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या मुलांना मेंटॉर देणाऱ्या संस्थेच्या मेंटॉर-मूल जोड्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत फायदा सर्वांत ठळक होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला होता.

म्हणून पहिल्या तुकडीला १२ जोड्या, एका मेंटॉरला एकच मूल. चौघं राखीव. उरलेल्या आठांना दाखले, शिष्यवृत्ती, प्रवेश-अर्ज ही कामं द्या. त्यांचा उपयोग साठही मुलांना होईल.

जूनमध्ये वर्गशिक्षकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सहामाहीचे गुण हाती आले की, म्हणजे दिवाळीनंतर, निवड करा. शिक्षकांकडे 'होतकरू मुलं' मागाल तर दर वेळी भाषणात बक्षीस मिळवणारी तीच चार नावं येतील. त्याऐवजी विचारा : अलीकडे कोण गप्प झालंय? बाजाराच्या दिवशी कोण हमखास गैरहजर असतं? कुणाच्या घरात दहावीपर्यंत कुणीच पोचलेलं नाही? मग मुलाला विचारा. नको म्हणालं तर नको. मेंटॉरकडून कबुली घ्यायची ती दहावीच्या निकालानंतर अकरावी, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा प्रवेश पक्का होईपर्यंतची. हे सुमारे २० महिने होतात. तेवढं जमणार नसेल त्यानं राखीव यादीत राहावं, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : तीन भेटी झाल्या. मुलगा 'हो', 'बरं' यापलीकडे बोलत नाही. मी कमी पडतोय का? (एक मेंटॉर, पुणे)

उत्तर : नाही. पण समोरासमोर बसून 'मोठेपणी काय व्हायचंय?' विचारत असाल तर ते थांबवा. पोरांना तो तोंडी परीक्षेचाच प्रश्न वाटतो. शेजारी बसा आणि मध्ये काहीतरी ठेवा. सहामाहीची गणिताची उत्तरपत्रिका उत्तम. गुण बघू नका, कुठे अडलं ते बघा. शाब्दिक उदाहरण कोरंच सोडलं असेल तर बहुधा अडचण वाचण्यात आहे. समीकरण बरोबर मांडून उणे ७ पलीकडे नेताना चिन्ह बदललं नसेल, तर सराव कमी पडला. हे टिपून विषयशिक्षकांना सांगा. स्वतः शिकवायला बसलात की आणखी एक क्लास झाला, आणि क्लासमध्ये तो गप्पच बसतो.

'काल घरी गेल्यावर पहिलं काय केलंस?' हा प्रश्न जास्त चालतो. गुरांना पाणी, धाकटीला अंगणवाडीतून आणणं, असं उत्तर आलं की अभ्यासाला कधी वेळ मिळतो तेही कळतं.

आणि एखादं खरं काम करा. आधार कार्डावरचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळतं का, ते नववीतच अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहावीच्या फॉर्मनंतर बोर्डाची प्री-लिस्ट (नावं तपासायची यादी) येते, तेव्हाही मुलाला नाव स्वतः वाचायला लावा. एनएमएमएस ही केंद्र सरकारची, आठवीतल्या परीक्षेवर मिळणारी शिष्यवृत्ती लागली असेल तर नववी ते बारावी महिना १,००० रुपये मिळतात, पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं की हातची रक्कम जाते. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालानंतर काढू म्हणालात, तर सेतू केंद्रावरच्या गर्दीत अडकाल.

प्रश्न : मेंटॉर म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू. परवानगी द्यावी का? (मुख्याध्यापिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : खासगी चॅटला नाही. दिल्ली सरकारनं २०२१मध्ये 'देश के मेंटॉर' योजना आणली. नववी ते बारावीच्या मुलांशी मेंटॉरनं फोनवर बोलायचं होतं. काही महिन्यांतच राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं ती थांबवायला सांगितलं. मेंटॉरची मानसशास्त्रीय चाचणी घेतली म्हणजे पोलीस पडताळणी झाली असं नव्हे, हा त्यातला एक आक्षेप.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, पालकांचं लेखी संमतीपत्र, भेट शाळेतच आणि दार उघडं असलेल्या खोलीत, निरोप समन्वयक शिक्षक असलेल्या गटावरच. मेंटॉरच्या घरी जाणं नाही, गाडीवर सोडणं नाही. ओळखीचा माणूस आहे म्हणून दाखला माफ करू नका. गावात सगळेच ओळखीचे असतात.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मेंटॉरनं कधीच देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगावं. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीला उपक्रमाची कल्पना द्या, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गात लावा.

प्रश्न : मुलीची सहलीची फी मी भरली तर चालेल? (एक मेंटॉर, ठाणे)

उत्तर : मुलीच्या हातात देऊ नका. संघामार्फत शाळेत भरा, पावती घ्या, आणि कुणी भरली ते तिला कळू देऊ नका. नाहीतर पुढच्या भेटीला ती आभार मानायला येईल, बोलायला नाही.