वाचकांचे प्रश्न : गरम फरशीवरचा ओक काळा का पडला?

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. चार वर्षांपूर्वी दिवाणखान्यात ओकच्या बहुस्तरीय फळ्या बसवून वर तेल लावून घेतले. खाली गरम पाण्याच्या नळ्यांचे हीटिंग आहे. गेल्या हिवाळ्यापासून बाल्कनीच्या दाराशी फळ्यांच्या टोकांना निळसर काळे डाग दिसतात. गालिचा उचलला, तर त्याखालीही फिकट चौकोन निघाला. हीटिंगने लाकूड करपले, सगळे घासून पुन्हा तेल लावा, असे कारागीर म्हणतो. काय करावे?

उत्तर : तूर्त घासू नका. लाकडी फरशीच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २७ अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात. ते थोडे वाढले, तर लाकूड आकसेल, सांध्यांत फटी पडतील, पण ओक त्याने करपत नाही. शिवाय दोष उष्णतेचा असता, तर तो निदान नळ्यांच्या ओळीने दिसला असता. नेमका दाराशीच का दिसावा?

चौकोनाची काळजी सोडा. प्रकाशाने ओक हळूहळू पिवळसर, मधाळ होत जातो आणि झाकलेला भाग मूळ रंगाचा राहतो. (अक्रोडाच्या लाकडाचे उलट असते, ते उजेडाने फिकटते.) गालिचा काही महिने बाजूला ठेवल्यास फरक बराचसा मिटेल. मात्र त्याला रबराचे अस्तर असेल, तर तो पुन्हा अंथरू नका, कारण रबरातील द्रव्ये लाकडात उतरून पडणारा पिवळा डाग सहसा जात नाही. आणि जाड गालिच्याखाली उष्णता कोंडते, ती वेगळीच.

काळे डाग मात्र गंभीरपणे घ्यावेत. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. त्याला ओलावा आणि लोखंड यांची जोड मिळाली, की शाईसारखा निळसर काळा रंग तयार होतो. फळीचे टोक पाणी सर्वाधिक शोषते, म्हणून डाग तेथून सुरू झाले असावेत. कुंडीचा लोखंडी स्टँड, साफसफाईत वापरलेल्या तारेच्या काथ्याचे कण, उघडा स्क्रू असे काही त्या जागी आहे का, ते पाहा. मग पाण्याचा माग काढा. थंडीत काचेवरून ओघळणारे दव, उंबऱ्याच्या सांध्यातून झिरपणारे पावसाचे पाणी किंवा बर्फाने भिजलेले बूट, यांवर माझा पहिला संशय आहे. डागाशेजारी पाण्याचा एक थेंब टाका: तो मण्यासारखा टिकला तर तेलाचा थर शाबूत आहे; दोन-तीन मिनिटांत जिरून तेथे गडद ठसा उमटला, तर थर झिजला आहे.

पाणी खालून येत असेल, तर फळ्यांच्या कडा उचलल्या जाऊन मध्ये खोलगटपणा येतो. पट्टी आडवी धरून पाहिल्यास तो लगेच कळतो. तसे असेल, तर हीटिंगचा दाब दाखवणारा काटा काही दिवस पाहा. तो वारंवार उतरत असेल, तर नळी गळत असावी; प्लंबरला बोलवा. फळ्या बसवताना नळ्या पुरलेल्या सिमेंटच्या थरातील ओल १.८ टक्क्यांहून अधिक नसावी, असा जर्मनीतील प्रघात आहे. त्या मोजणीचा कागद कारागिराकडे मागा. तथापि तेव्हाची ओल चार वर्षे दबा धरून बसली असेल, असे मला वाटत नाही.

निदान पक्के करायला ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण एका लहानशा डागावर लावून पाहा. डाग फिकटला, तर तो लोखंड-टॅनिनचाच. जराही हलला नाही, तर बुरशीची शक्यता उरते आणि एखादी फळी उचलून खाली पाहावे लागेल. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा, नंतर जागा स्वच्छ पाण्याने पुसा आणि वाळलेली पांढरी पूड हवेत उडू देऊ नका.

पाण्याची वाट बंद होऊन लाकूड पुरते सुकले, की तेवढाच पट्टा घासून तेल लावावे. तेलाच्या फरशीचा हा फायदाच आहे. एका कोपऱ्यासाठी सगळा दिवाणखाना सोलण्याचे कारण नाही.