फोन-संगणकामुळे आपली स्मरणशक्ती खरंच कमी होते का?

सरसकट तसं म्हणता येणार नाही. आपण काय लक्षात ठेवतो, ते बदलतं. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, टाइप केलेली माहिती संगणकात सेव्ह राहणार असं ज्यांना वाटलं, त्यांना ती कमी आठवली. कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे मात्र बऱ्यापैकी आठवलं! (याच अभ्यासातला दुसरा एक प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला, तर तसा निकाल आला नाही. त्यामुळे ‘गूगलमुळे मेंदू गंजतो’ छापाचे मथळे मी फारसे मनावर घेत नाही.)

ॲप-सॉफ्टवेअरच्या डिझाइनचं म्हणाल तर, मेनूत पर्याय नुसता ओळखायचा असतो, ते सोपं. कमांड, म्हणजे संगणकाला द्यायची लेखी सूचना, आठवून टाइप करावी लागते. पण आठवायचे कष्ट घेतले की स्मृती पक्की होते, आणि ऑटोफिल (रकाने आपोआप भरून देणारी सोय) नेमके तेच कष्ट वाचवतं. पासवर्डसाठी ते बरंच आहे. अभ्यासाच्या ॲपने मात्र उत्तर लगेच दाखवू नये.