व्हिज्युअल पिनबॉलचं जुनं टेबल नव्या आवृत्तीत आणायचंय, आधी ग्राफिक्स फोर-के करू का?

नको. ग्राफिक्सला सगळ्यात शेवटी हात लावा.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. कुणा हौशी माणसानं व्हिज्युअल पिनबॉल या, संगणकावर पिनबॉलची टेबलं बनवून खेळायच्या प्रोग्रॅमच्या, ९ व्या आवृत्तीच्या काळात स्वतःच्या डोक्यानं बनवलेलं टेबल तुमच्याकडे आहे, .व्हीपीटी फाईल. ती १०.८ मध्ये उघडते, पण चेंडू घसरत सुटतो, फ्लिपरचा, म्हणजे चेंडू परत मारणाऱ्या दांडीचा, फटका कुठे जाईल याचा भरवसा नाही आणि दिवे भगभगीत दिसतात. तुम्ही निपाणीत, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. आणि पहिलं काम म्हणून प्लेफील्डचं, म्हणजे चेंडू फिरतो त्या पाटाचं, चित्र एआयनं मोठं करून बसवायचं तुमच्या मनात आहे.

आपल्या भागातल्या लोकांची यात एक अडचण आहे, ती आधी बोलतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या बहुतेकांना पिनबॉल माहीत झाला तो सायबर कॅफेत, विंडोज एक्सपीवरच्या ‘स्पेस कॅडेट’मुळे. ते टेबल मूळचं १९९५ च्या ‘फुल टिल्ट! पिनबॉल’मधलं. खरं यंत्र, सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू, हाताला लागलेला क्वचितच कुणी. त्यामुळे टेबल ‘चांगलं वाटतंय’ की नाही हे आपण नकळत चित्रावरून ठरवतो, आणि चेंडू कसा वागला पाहिजे ते आपल्या हाताला माहीतच नसतं. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. तिथं कास्टिंग दिसायला कितीही गुळगुळीत असलं तरी गेज लावल्याशिवाय पुढे जात नाही. टेबलाच्या बाबतीत मी तेच करतो: वाटण्यावर जायचं नाही, मोजायचं.

पहिलं माप स्केलचं. व्हिज्युअल पिनबॉलमध्ये चेंडूचा व्यास ५० युनिट असतो आणि तो खऱ्या १ १/१६ इंचाच्या चेंडूचा धरलेला आहे. म्हणजे एक मिलिमीटरला सुमारे १.८५ युनिट, तीन इंचाला १४१ युनिट. नव्या आवृत्तीत कोरं टेबल उघडलं की त्याची मापं ९५२ बाय २१६२ येतात, ती म्हणजे साधारण सव्वावीस बाय सेहेचाळीस इंच, खऱ्या यंत्राच्या जवळपास. जुन्या हौशी टेबलांत लोक एखादं चित्र घ्यायचे आणि त्याच्या आकारावर भिंती काढत जायचे. परिणाम असा की फ्लिपर चार इंची, गल्ल्या दीड चेंडू रुंद, आणि मग गुरुत्वाकर्षणाचे आकडे ओढूनताणून बसवलेले. तुमचं तसं असेल तर आधी सगळं निवडून स्केल करून घ्या, मग उंच्या आणि प्रिमिटिव्ह (टेबलातल्या त्रिमितीय आकृत्या) एकेक तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण हे चुकलं तर पुढचा एकही आकडा उपयोगाचा नाही.

दुसरं माप उताराचं, आणि हे मला सगळ्यात आवडतं, कारण याला खरं यंत्र लागत नाही, दहावीनंतरचं भौतिकशास्त्र पुरतं. आधुनिक यंत्राचा उतार साधारण साडेसहा अंश असतो. न घसरता गडगडत जाणाऱ्या भरीव गोळ्याचं त्वरण ग्रॅव्हिटीच्या उताराकडच्या भागाच्या पाचसप्तमांश असतो, कारण बाकीची ऊर्जा गोळा फिरवण्यात जाते. हिशेब केला तर सेकंदाला ०.७९ मीटर प्रति सेकंद इतकी वेगवाढ मिळते. म्हणजे स्थिर अवस्थेतून सोडलेला चेंडू एक मीटर अंतर सुमारे १.६ सेकंदात कापतो. न गडगडता नुसता घसरला तर १.३४ सेकंद. तुम्ही जे ‘घसरत सुटतो’ म्हणताय ते बहुधा हेच आहे.

आता टेबलाची एक प्रत करा, मधलं सगळं काढून टाका, वर एक किकर (चेंडू धरून सोडणारा खड्डा) ठेवा आणि त्याच्या १८५३ युनिट, म्हणजे एक मीटर, खाली एक ट्रिगर (चेंडू वरून गेल्याची नोंद घेणारा). किकरनं चेंडू नुसता सोडायचा, जोर शून्य. सोडताना ‘गेमटाइम’, म्हणजे खेळाच्या घड्याळाचा आकडा, लिहून ठेवायचा, ट्रिगरच्या हिटमध्ये पुन्हा वाचायचा आणि वजाबाकी टेक्स्टबॉक्समध्ये दाखवायची. गेमटाइम मिलिसेकंदात येतो, त्यामुळे १६०० च्या आसपासचा आकडा दिसला पाहिजे. १३५० च्या आसपास आला तर प्लेफील्डचं घर्षण शून्याला टेकलंय. १००० च्या खाली गेला तर कुणीतरी ग्रॅव्हिटी वाढवून ठेवलीय. मी ग्रॅव्हिटी ०.९७, घर्षण ०.१५ ते ०.२५ च्या दरम्यान, इलॅस्टिसिटी (उसळी) ०.२५ आणि स्कॅटर शून्य यावरून सुरुवात करतो. स्कॅटर म्हणजे चेंडूच्या दिशेत मुद्दाम घातलेला गोंधळ. जुन्या फिजिक्सचा कोरडेपणा झाकायला तो घालायचे, आता त्याची गरज नाही.

मग फ्लिपर. इथं घाई करू नका, अख्खं टेबल या दोन दांड्यांवर उभं आहे. तुमचं टेबल कुठल्याच खऱ्या यंत्राची नक्कल नाही, म्हणून ते कुठल्या काळातलं आहे असं मानायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल. घंटा आणि फिरत्या आकड्यांचं विद्युत-यांत्रिकी वळणाचं असेल तर फ्लिपरची स्ट्रेंथ ५०० ते १००० मध्ये ठेवा. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून ऐंशीच्या मध्यापर्यंतच्या यंत्रांना १४०० ते १६०० बरी लागते. नव्वदीतल्या, लांब रॅम्प आणि ठिपक्यांचा डिस्प्ले असलेल्या टेबलाला ३२०० च्या घरात. जुन्या फाईलमध्ये जो आकडा आहे तो सरळ पुसा. व्हिज्युअल पिनबॉल ९ चं फिजिक्स वेगळं होतं, तिथला आकडा इथं आणून काही हाती लागत नाही.

स्ट्रेंथ बसली तरी एक खोट उरते. खऱ्या फ्लिपरवर चेंडू टोकाजवळून मारला की एका कोनात जातो, मुळाजवळून मारला की दुसऱ्या. प्रोग्रॅममधला फ्लिपर हे कोन थोडे चुकवतो. यासाठी ‘एनफॉझी फिजिक्स’ या नावानं ओळखला जाणारा स्क्रिप्टचा तुकडा वापरतात. चेंडू फ्लिपरच्या कुठल्या जागेवरून सुटला ते बघून तो त्याचा वेग आणि दिशा दुरुस्त करतो. रबरांसाठीही त्यातच सोय आहे: खरं रबर जोरात आदळलेल्या चेंडूची ऊर्जा जास्त खातं, हळू आलेल्याची कमी, आणि एकच इलॅस्टिसिटी दिली तर हा फरक मिळत नाही. तुकडा चिकटवला म्हणजे झालं असं मात्र नाही. त्यात जी नावं अपेक्षित आहेत ती तुमच्या फ्लिपरना आणि रबरांना द्यावी लागतात, नाहीतर तो गुमान काहीच करत नाही आणि तुम्ही आकडे हलवत बसता.

तपासायचं कसं? आकड्यांनी नाही, खेळाडूंच्या युक्त्यांनी. चेंडू खाली येतोय आणि फ्लिपर खालीच ठेवला, तर तो त्यावर टप्पा घेऊन पलीकडच्या फ्लिपरकडे गेला पाहिजे. याला डेड बाउन्स म्हणतात. फ्लिपर वर धरून चेंडू आदळायच्या क्षणी सोडला तर तो मेल्यासारखा थांबला पाहिजे. नेमक्या क्षणी फ्लिपर उचलला तर वेगात आलेला चेंडूही तिथंच अडकला पाहिजे, तो लाइव्ह कॅच. खऱ्या यंत्रांच्या स्पर्धांचे स्लो मोशन व्हिडिओ शेजारी लावून बघा की, फरक लगेच दिसेल. आणि हे तुम्ही स्वतः करू नका. महिनाभर एकच टेबल खेळलेल्या माणसाचा हात त्या टेबलाच्या खोडींना सरावतो. माझ्याकडे गल्लीतला एक गोकाकचा मित्र येतो, त्याला पिनबॉलचं काही पडलेलं नाही, आणि म्हणूनच त्याची तक्रार मी खरी मानतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. गडगडण्याचा आवाज चेंडूच्या वेगाबरोबर कमीजास्त व्हायला हवा आणि हेडफोनमध्ये डावीकडून उजवीकडे सरकायला हवा. ‘फ्लीप’ नावाचा यांत्रिक आवाजांचा संच त्यासाठी बहुतेक जण घेतात. तो बसवल्यावर फिजिक्स सुधारलं असंच वाटतं, म्हणून तो फिजिक्सनंतर बसवा.

स्क्रिप्ट उघडल्यावर पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहा. धडाधड त्रुटी येतील, येऊ द्यात. न घोषित केलेलं प्रत्येक नाव त्यातून बाहेर पडतं आणि निम्म्या तरी गूढ गोष्टींचा उलगडा तिथंच होतो. नंतर टायमर बघा. जुन्या टेबलांत सावलीला एक, फ्लिपरच्या चित्राला एक, दिव्यांना चार असे टायमर असतात, कित्येक १ मिलिसेकंदावर लावलेले. जे फक्त दिसण्यापुरतं आहे ते सगळं एका टायमरमध्ये आणा आणि त्याचा इंटरव्हल उणे १ ठेवा, म्हणजे तो प्रत्येक फ्रेमला एकदाच चालतो. तुमच्या लॅपटॉपवर एवढ्यानंच बराच फरक पडेल.

टेबलाची स्क्रिप्ट ज्या भाषेत असते ती व्हीबीस्क्रिप्ट बंद होणार म्हणून सगळं व्यर्थ आहे का, हेही तुम्ही विचारलंय. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ती भाषा टप्प्याटप्प्यानं काढणार असं जाहीर केलं, हे खरं. पण व्हिज्युअल पिनबॉलचा मूळ कोड २०१० पासून खुला आहे, आणि लिनक्स, मॅक व अँड्रॉइडवर चालणाऱ्या स्टँडअलोन आवृत्तीत वाइन या, विंडोजचे प्रोग्रॅम इतर सिस्टिमवर चालवणाऱ्या, प्रकल्पातला स्वतंत्र व्हीबीस्क्रिप्ट इंटरप्रिटर आधीच वापरात आहे. त्या भीतीनं काम थांबवू नका.

आता तुमचं फोर-के. चित्राची फाईल डिस्कवर दोन एमबीची असली तरी ग्राफिक्स मेमरीत ती पिक्सेलच्या हिशेबानं बसते. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ६४ एमबी, आणि मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) धरले तर त्याच्या एकतृतीयांश आणखी. अशी दहाबारा चित्रं झाली की ऑनबोर्ड ग्राफिक्सचा लॅपटॉप अडखळतो. प्लेफील्डचं एक चित्र मोठं ठेवा, प्लास्टिकचे तुकडे आणि भिंती १०२४ वर खुशाल आणा, कुणालाही कळत नाही. एआयनं चित्र मोठं करण्याबद्दल माझं मत वाईट आहे: रंग ठीक येतात, पण इन्सर्टवरची (प्लेफील्डमधल्या दिव्यांच्या पारदर्शक झाकणांवरची) अक्षरं आणि बाण वितळतात. ती अक्षरं इंकस्केपमध्ये नव्यानं काढून वर वेगळा थर म्हणून ठेवणं सोपं आणि स्वच्छ. दिवे भगभगीत दिसण्याचं कारणही बहुधा चित्रातच आहे. त्या काळात लोक उजेड प्लेफील्डवर रंगवूनच टाकायचे, आता त्यावर खरे दिवे लागतात आणि उजेड दुप्पट होतो. रंगवलेला उजेड पुसा, मग दिव्यांची इंटेन्सिटी ठरवा. ब्लेंडरमधून उजेड बेक करायची पद्धत सुंदर आहे, पण या लॅपटॉपला नको.

एक गंमत आपल्या भागासाठी. खऱ्या यंत्राच्या खालच्या ॲप्रनवर, म्हणजे खेळाडूकडच्या टोकाच्या पट्टीवर, दोन कार्डं असतात, एक नियमांचं आणि एक पैशांचं. घरच्या टेबलाला पैशांचं कार्ड कशाला? मी डावीकडे मराठीत नियम लिहितो आणि उजवीकडे कानडीत. मघाशी सांगितलेल्या मित्रानंच माझं कानडी तपासून दिलं. दोन्ही कार्डं चित्र म्हणून बनवा. गुणांचे आकडे फिरत्या रीळांवर असतील तर तीही शेवटी ० ते ९ ची चित्रंच आहेत, तिथं देवनागरी अंक काढले की काम झालं. फक्त फ्लेक्सडीएमडीसारख्या डिस्प्लेवर मराठी वाक्य सरळ टाकायला जाऊ नका. तिथला फॉन्ट एकेका अक्षराच्या चित्राचा असतो, वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. ‘जादा चेंडू’ हा अख्खा शब्दच चित्र करून ठेवा. स्क्रिप्टमधली नावं मात्र रोमनमध्येच राहू द्या.

नव्या आवृत्तीची .व्हीपीएक्स फाईल ही एकच बंद पेटी आहे, काल आणि आज काय बदललं ते तिच्यावरून कळत नाही. व्हीपीएक्सटूल नावाचं साधन ती फोडून फोल्डरमध्ये मांडतं आणि परत जुळवतंही, ते वापरा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नसतो, म्हणून जुन्या प्रती पेनड्राइव्हवर असू द्यात.

मूळ करणाऱ्यानं उत्तर दिलेलं नाही, तरी टेबल टाकू का, असं शेवटी विचारलंय. घरी खेळा, मित्रांना दाखवा. जाहीरपणे टाकायचं तर त्याच्या सोबतच्या वाचा-मला फाईलमध्ये बदल करायला मुभा दिलीय का ते आधी बघा. बऱ्याच जणांनी ती एका ओळीत लिहून ठेवलेली असते. मुभा असेल तर टेबल इन्फोमध्ये आणि स्क्रिप्टच्या वर त्याचं नाव आधी, तुमचं खाली ‘बदल’ म्हणून, आणि आवृत्तीचा आकडा वेगळा. मुभा नसेल आणि माणूसही सापडत नसेल, तर मी टाकणार नाही. स्केल, फिजिक्स, आवाज आणि स्क्रिप्ट एवढं हातून गेल्यावर कोऱ्या ९५२ बाय २१६२ वर स्वतःचं टेबल उभं करणं तसंही फार लांब राहत नाही.