उन्हाळ्यात टायरची हवा कमी करायची का?

प्रश्न (वर्धा): मे महिन्यात समृद्धीने मुंबईला जायचंय, आम्ही पाच जण अन् भरपूर सामान. इकडे सगळे सांगतात उन्हाळ्यात हवा कमी ठेव नाहीतर टायर फुटतो. गाडीवर 33 लिहिलंय, पंपावरचा पोरगा म्हणतो 28च भरा. कोणाचं ऐकू? नायट्रोजन भरू का?

उत्तर: गाडीवर लिहिलंय त्याचं ऐका, आणि कृपा करून 28 वर समृद्धीला चढू नका. हा गैरसमज फार पसरलाय आणि तो जिवावर बेतू शकतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. हवा कमी असली की टायर दबतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, वाकते आणि परत सरळ होते, 120 च्या स्पीडला हे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा होतं, त्यात टायर आतून तापत जातो, रबराचे थर सुटायला लागतात आणि मग तो फुटतो. पळताना हवा चार-पाच पॉइंट (म्हणजे PSI, 33 किंवा 28 हे आकडे त्यातच असतात) वाढते हे खरंय, पण कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधली हवा कधीच सोडू नका.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसेल, त्यात बहुतेक दोन आकडे असतात, कमी लोडचा आणि फुल लोडचा. तुम्ही फुल लोडवाला घ्या, मागच्या चाकांना तो बऱ्याचदा जास्त असतो. टायरवर कोरलेला मॅक्स आकडा मात्र भरायचा नसतो.

हवा सकाळी, गाडी गार असताना, जवळच्या पंपावर भरा. दुपारी तापल्या टायरला 33 दिसले तर गार झाल्यावर ते 29-30 च निघतील. तापमान पाच-सहा डिग्रीने बदललं की साधारण एक पॉइंट फरक पडतो, म्हणून थंडी सुरू झाली की परत चेक करायचं, आणि एरवीही महिन्यातून एकदा, स्टेपनीसकट.

नायट्रोजनने नुकसान नाही, पण साध्या हवेत 78 टक्के तोच असतो आणि तापल्यावर तोही तसाच फुगतो. फुकट मिळाला तर घ्या, पैसे घालू नका.

त्यापेक्षा साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. टायर इतका जुना असेल, बाजूला चिरा असतील किंवा नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली असेल तर आधी टायर बदला, मगच निघा.