पानांचे रंग बघायला एवढ्या लांब का जायचं?

तुम्ही विचारलंय की पानगळीच्या आधी झाडांचे रंग बदलतात, तेवढं बघायला लोक हजारो रुपये घालून काश्मीर-जपान गाठतात, त्यात एवढं काय असतं? आणि मराठवाड्यातल्या माणसाने जायचं तर कधी जावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काश्मीरचे चिनार बघायचे असतील तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. पहिला प्रश्न मात्र वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हाच प्रश्न 2022 च्या भाऊबीजेला माझ्या सख्ख्या भावाने मला विचारला होता, ताटावर बसून, सगळ्यांसमोर.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. काळी जमीन, सहा एकर, दादा करतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या साली परतीच्या पावसाने सोयाबीन जागेवर काळं पडलं. कपाशीत आठ दिवस पाणी साचलं, मागून थंडी पडली आणि सगळं रान लाल दिसायला लागलं. लाल्या म्हणतात कपाशीच्या या रोगाला. आणि नेमकं तेव्हा मी आईला घेऊन चिनार बघायला निघाले होते. तिकिटं आधीच काढलेली होती.

दादा म्हणाला, "लाल पानंच बघायचीत ना? मग चल कपाशीत, फुकटात दाखवतो. वेचणीला माणूस मिळंना आन् तू पानं बघाया काश्मीरला जायलीस? तिलाबी घेऊन जायलीस?"

मी काहीच बोलले नाही. आई मात्र म्हणाली, "मला जायचंय."

तिच्या या हट्टामागे एक कॅलेंडर आहे. मी सातवीत असताना खताच्या दुकानातून मिळालेलं. त्यातल्या नोव्हेंबरच्या पानावर पाण्याकाठचं एक लालभडक झाड होतं. वर्ष संपलं तरी आईने ते पान टाकू दिलं नाही, कणगीच्या वरच्या भिंतीला खळ लावून चिकटवलं. "हे झाड खरंच असं असतंय का रंगवलंय?" असं तिने मला कितीदा तरी विचारलं असेल. मला तेव्हा सांगता यायचं नाही.

आता येतं, म्हणून सांगते. हिरवेपणा हरितद्रव्याचा. दिवस लहान झाला, रात्री गारठल्या की थंड मुलखातली झाडं पानातलं हरितद्रव्य मोडतात आणि पानातला नत्र खोडात परत ओढून घेतात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल रंग मात्र पान त्याच दिवसांत नव्याने करतं, साठलेल्या साखरेपासून. त्याला अँथोसायनिन म्हणतात. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडाक्याची नसलेली थंडी मिळाली की तो लाल जास्त खुलतो. लाल्या पडलेल्या कपाशीच्या पानातही हाच रंग असतो. तिथे तो मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडल्याने, मुळाशी पाणी साचल्याने, रात्रीचा पारा उतरल्याने येतो. म्हणजे दादा रागात बोलला ते शास्त्राला धरूनच होतं. फरक एवढाच की कपाशीची बोंडं अजून भरायची असतात आणि पान आधीच हात वर करतं. आमच्याकडे पानाचा रंग बदलला की पहिल्यांदा पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

सचखंड एक्स्प्रेस परभणीला धरली. वाटेत एका स्टेशनवर लंगरचं जेवण मिळालं, आईने ताटली पुढे केली ती संकोचतच. दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. तिथून जम्मू, जम्मूहून गाडीने बनिहाल आणि पुढे रेल्वेने पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा पार करून श्रीनगर. गुडघे दुखत असताना हे सगळं तिने काढलं.

श्रीनगरला आम्ही नसीम बागेत गेलो. हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात ही मोगलांच्या काळातली बाग आहे. दल सरोवर बघितलं, बाकी फिरणं असं काही केलं नाही. सलग तीन दिवस सकाळी तिथेच जाऊन बसलो. चिनाराचं खोड दोघी-तिघींच्या कवेत मावणार नाही एवढं. वरून पान सुटलं की ते सरळ पडत नाही, गिरक्या घेत येतं आणि खाली आधीच्या पानांवर खर्रकन आवाज करून बसतं.

आईने एक पान उचललं. तळहाताएवढं, पाच बोटांचं, कडेला तांबडं आणि शिरांजवळ अजून पिवळं. तिने ते स्वतःच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "आगं, गावरान कपाशीचंच पान की हे, थोरलं." मग उलटं करून देठ बघितला. चिनाराच्या देठाचं टोक पोकळ असतं, टोपीसारखं. तिने त्यात करंगळीचं नख घातलं. मग उठून खालची फांदी ओढली, एक पान हलक्या हाताने काढलं आणि मला दाखवलं: त्या टोपीखाली पुढच्या सालचा डोळा झाकलेला होता. उसाच्या कांडीवर डोळा शोधणाऱ्या बाईलाच ते दिसणार. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला दिसलं नव्हतं.

"डोळा तयार करूनच गळतंय बघ," ती म्हणाली आणि फांदी सावकाश सोडली.

पलीकडे एक म्हातारी खराट्याने पानं गोळा करत होती. आई तिच्याजवळ गेली आणि आमच्या परभणीच्या हिंदीत विचारलं, "इसका क्या करते, अम्मा?" तिने सांगितलं की पानं पेटवायची, वरून पाणी शिंपडून विझवायची आणि तो कोळसा हिवाळाभर कांगडीत, म्हणजे अंगाशी धरायच्या शेगडीत, घालायचा. आईला फार पटलं. पऱ्हाट्या-तुराट्या चुलीत घालणाऱ्या आणि पानांचा कोळसा करणाऱ्या अशा दोघी अर्धा तास सरपणावर बोलत बसल्या.

यात एवढं काय असतं, असं विचारलंत. माझ्या आईने साठ वर्षं पानं बघितली ती रोग हुडकण्यासाठी. पिवळं पडलं की मोझॅक, लाल झालं की लाल्या, मुरडलं की तुडतुडे. तीन दिवस तिने पानं नुसती बघितली. एवढं पुरेसं आहे माझ्या मते.

आपल्याकडे पानगळ नाही का? आहे, पण तिचं गणित वेगळं. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि ती थंडीने कमी, जमिनीतलं पाणी आटल्याने जास्त. जो तो आपल्या ओलीप्रमाणे पानं टाकतो, म्हणून सगळं रान एकदम पेटत नाही. तिकडे दिवस आणि थंडी सगळ्यांना सारखी, म्हणून दोन-तीन आठवड्यांत सगळं उरकतं. जपानात तर पानं कुठे कधी रंगणार याचे अंदाज हवामानासारखे जाहीर होतात. उत्तरेला होक्काइदोत सप्टेंबरातच सुरुवात होते, क्योतोला नोव्हेंबरची अखेर येते. परदेशाचा खर्च झेपत नसेल तर सोडा, चिनार कुठेही कमी नाही. आणि तोही खर्च नको असेल तर माघात किनवट-माहूरकडे जा. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, धावडा तांब्याच्या रंगाचा होतो, पुढे पळस फुलतो. तेही नको तर देशी बदामाचं झाड शोधा. आमच्या शाळेच्या पटांगणात आहे, हिवाळ्यात त्याचं एकेक पान कुंकवासारखं लाल होऊन पडतं. ते बघायलाही कोणी थांबत नाही, हे मला फार लागतं.

एका दिवसात पाच ठिकाणं करून, पानं उधळून फोटो काढून परतणाऱ्यांनी मात्र जाऊ नये. त्यांना गावातला बगीचाही चालेल.

आता दादाबद्दल, कारण तो हे वाचतो. दादा, लाल झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. फवारणी करायची ती पुढच्या पानांसाठी, आणि ती तू केलीच होतीस. आई अकरा दिवस घरी असती तर तिने त्याच कपाशीकडे बघत अकरा दिवस काढले असते. वेचणीला दोन हात कमी पडले, किलोला दहा रुपये देऊन बाया लावाव्या लागल्या, हे मान्य आहे. ते पैसे मी दिले, तेही लक्षात ठेव. पण "ह्या वयात कशाला" हे तू तिला न विचारता ठरवलंस, ते मला आजही मान्य नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी राहिलेलं: म्हातारं माणूस सोबत असेल तर लोकरीचे पायमोजे दोन-दोन घ्या, सकाळी बोटं बधिर होतात. थंडी लवकर किंवा उशिरा पडली की रंग आठवडाभर मागेपुढे होतो, तेव्हा एकाच दिवसाच्या भरवशावर जाऊ नका, चार दिवस हाताशी ठेवा. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका. 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत थेट रेल्वे आहे, आम्हाला ती मिळाली नव्हती. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे सचखंडची तिकिटं ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरातच काढावी लागतील. आणि चिनाराचं पान आणायचं असेल तर पडलेलंच उचला, घडी न घालता वहीत ठेवा. आईचं हरिपाठात आहे, कडेने थोडं तुटलंय, रंग अजून आहे.