पोर्टो रिको राज्य का नाही?

प्रश्न: नातू ऑर्लँडोला असतो, म्हणतो शेजारचे पोर्टो रिकोचे लोक अमेरिकनच आहेत, मग त्यांच्या बेटाला राज्य का नाही करत?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर: आजी, नातू बरोबर सांगतोय. १८९८ मध्ये बेट स्पेनकडून अमेरिकेकडे आलं, १९१७ पासून नागरिकत्व पण आहे, पण बेटावर राहिलं तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही आणि तोच माणूस फ्लोरिडात राहायला आला की झाला मतदार, हे कसलं नागरिकत्व! संसदेत एकच प्रतिनिधी, त्यालाही कायदा पास करताना मत नाही. मला तर हा सरळ अन्याय वाटतो. स्वातंत्र्य मागणारेही आहेत, पण २०२० च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांहून जास्त लोकांनी राज्यच हवं म्हटलं. तरी निर्णय वॉशिंग्टनच्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या हातात, आणि तिथे विषय नुसता लटकलाय.